बिघडलेला डॉक्टर

बिघडवला? आमच्या सुमननं तुमच्या भाच्याला बिघडवला? अहो सोपानराव, बसा आधी, उभ्यानं भांडायचं वय राहिलं का आपलं — ती खुर्ची घ्या, ज्योतीरामची आहे, तो वर्कशॉपात गेलाय, एस.टी.च्या गाड्यांची हाडं जोडायला, संध्याकाळशिवाय यायचा नाही, आणि आला तरी काही बोलायचा नाही. माझा भाऊ आहे तो, पण बोलायचं सगळं काम देवानं माझ्याच गळ्यात घातलंय. पाणी प्या. फलटणहून इथं दापोडीपर्यंत धुरळा खात आलात, भांडण काय पळून जातंय? हं. तर काय म्हणत होतात — सयाजी सोन्यासारखा मुलगा, डॉक्टरीचा निकाल हातात, दवाखाना बांधून तयार, वर पाटी रंगवलेली, कंपाउंडर नेमलेला, दसऱ्याला प्रांतसाहेबांच्या हातून फीत कापायची — आणि मुलगी बघायला म्हणून आमच्याकडं आला, पोहे खाऊन गेला, तो बिघडलाच! पोह्यांत काय घातलं होतं म्हणता? घातली होती ना. चिमूटभर अक्कल घातली होती. आमच्याकडं सगळ्यांना तेवढी पचते, तुमच्याकडच्या पोटाचा अंदाज नव्हता आम्हाला.

आणि म्हणाला काय तो? “मामा, मला थोडा विचार करायचाय.” अगं बाई! विचार! — तुम्ही ऐकलंत तरी कसं हो ते? चांगल्या घरातला मुलगा, शिकलेला, आणि तोंड वर करून विचार करतो म्हणतो. दारू पितो म्हणाला असता तर चार लोकांनी समजूत घातली असती, जुगार खेळतो म्हणाला असता तर लग्न लावून मोकळे झाला असतात. विचारावर काय औषध? आणि ट्रंक उचलून निघून गेला, आणि तेव्हापासून पत्ता नाही. वाईट झालं. फार वाईट झालं. कुठं गेला असेल? मला कसं ठाऊक असणार, सोपानराव! मी त्याला बघितलं एकदाच, त्या दिवशी, तुमच्याबरोबर. त्या कोपऱ्यात बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून, जसा काही त्यालाच कुणी बघायला आलं होतं.

पण दोष आमचाच, हे मान्य. हा रोग आमच्या घरातनंच गेला. सुमनला आधी झाला, तिच्यापासनं त्याला लागला. ऐका, सांगते, नाहीतरी तुमची परतीची गाडी लांब आहे. सुमनची आई गेली तेव्हा पोरगी रांगत होती. माझ्या नवऱ्यानं त्याच सुमाराला दुसरी केलेली, मी मोकळीच होते, आले इथं — आणि राहिले. पोरगी हुशार निघाली, त्यात माझा काही हात नाही, मी तिला फक्त मारलं आणि जेवायला घातलं. इंटर सायन्सला असे काही मार्क मिळवले तिनं की ज्योतीराम तीन दिवस चालायचं विसरला, नुसता तरंगत होता. वर्कशॉपात सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगी डॉक्टर होणार. झालं! लोक त्याला आपली गळवं दाखवायला लागले. एकानं जीभ काढून दाखवली, चालत्या लेथवर. मेडिकलला नाव घालायची तयारी झाली, आणि ही बया म्हणते — “आबा, थांबा. मला आठ दिवस द्या. मी स्वतःकडं जरा बघते.”

स्वतःकडं बघते! मी आरसा आणून दिला. तर म्हणे तसं नाही आत्या. त्यांच्या कॉलेजात एक सर होते, त्यांनी वर्गात सांगितलेलं म्हणे — मार्क बघून रस्ता धरू नका, शेजारचा कुठं चाललाय ते बघून धरू नका, कुठलं काम करताना तुम्हाला भूक आठवत नाही ते आठवा, आणि कुठल्या कामानं तुम्ही आतनं करपता तेही आठवा, मग ठरवा. असल्या माणसांना सरकार पगार देतं! भूक आठवत नाही म्हणे. आमच्या सात पिढ्यांना दुसरं काही आठवलं नाही. तर ही आठ दिवस मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसून. मी धुणं घेऊन उभी, आणि दगडावर आमचं सायन्स ध्यान लावून बसलंय! वर लोकांना विचारत सुटली. दुधवाल्याला विचारलं — मी तुम्हाला कशी वाटते? तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून दूध उंबऱ्यावर ठेवून पळायला लागला. मग माझी पाळी. “आत्या, खरं सांग, मी कशात रमते?” मी म्हटलं, मला त्रास देण्यात. म्हणाली, “ते झालंच. दुसरं?”

आता काय सांगायचं — तोंडातनं गेलं माझ्या. म्हटलं, तू लहान असताना फडताळात एक लिंबू ठेवलं होतंस, सडकं. रोज शाळेतनं आलीस की दप्तरासकट त्याच्यापुढं. आधी पांढरं झालं, मग हिरवट, मग निळसर, त्याला लव आली — शी! मी फेकलं तर तू जेवली नाहीस. मी मारलं तर दुसरं ठेवलंस. आणि शेजारच्या लेथवाल्याचा हात चेपला तेव्हा तूच फडकं बांधलंस की, भलीभली माणसं तोंड फिरवून उभी होती. पण नंतर? दोन दिवस अन्न गेलं नाही तुझ्या पोटात. रक्ताचं काही वाटलं नव्हतं तिला, सोपानराव. त्याचं ओरडणं. ते ऐकू येत राहिलं म्हणे. मी एवढंच बोलले आणि भाजी चिरायला बसले. ती उठली, माझ्या पाया पडली, आणि आत जाऊन बापाला म्हणाली — मी डॉक्टर होणार नाही, मी त्या सूक्ष्म का काय ते जंतूंचं शास्त्र घेणार. घ्या! मी लिंबाची तक्रार केली होती हो, शिफारस नव्हती केली!

ज्योतीराम बोलेना. आधीच बोलत नाही, त्यात आणखी बोलेना. “तुझ्या भाचीला सांग ताट वाढलंय” — असं चाललं होतं, पावसाळा सरला, थंडी सरली. ती आपली सकाळच्या गाडीनं शिवाजीनगरला उतरून कॉलेजात जायची, यायची. बी.एस्सी. झाली. आणि तेवढ्यात तिकडं पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला — नशीब बघा कसं, ते औषध बुरशीपासनंच काढतात म्हणे! आपल्या लोणच्याला बुरशी आली की आपण शिव्या घालून बरणी ओततो. ही सरकारी पगारावर बुरशी वाढवते. तिला वेळेवर खायला घालते, तिला गार नको, गरम नको, वारा नको. माझ्या गुडघ्याला एवढं कुणी जपलं असतं तर मी आज पर्वती चढून आले असते.

बाप बोलायला लागला कसा, ते मात्र ऐका. एक दिवस डबा विसरून गेली. ज्योतीरामची सुट्टी होती. मी म्हटलं, जा, देऊन ये, बोलायचं नसेल तर नको बोलूस, डब्याला काय जीभ आहे? गेला सायकलवर कुरकुरत. वॉचमन ओळखीचा निघाला, त्यानं व्हरांड्यापर्यंत नेलं. आणि हा परत आला तो डबा तसाच घेऊन. मी म्हटलं, काय रे, भेटली नाही? तर इथं, याच खुर्चीत बसला, टोपी काढली, आणि म्हणाला, “अक्का, काचेतनं दिसत होती. पांढरा कोट, डोक्याला फडकं, एका नळीकडं बघत होती. मी बराच वेळ उभा होतो. तिनं वर बघितलं नाही. मला हाक मारवेना गं.” म्हटलं, अरे मग पोरगी उपाशी! तर म्हणाला, “तिला भूक आठवत नव्हती.” आणि रडला, सोपानराव. गाड्यांच्या इंजिनात हात घालणारा माणूस, मुलीला नळीकडं बघताना बघून रडला. सगळं घरच वेडं आहे म्हणा ना. तेव्हापासून आमची भाषा बदलली, आता आमच्याकडं कुणाला काही विचारलं की तो आधी आत डोकावून बघतो आणि मग उत्तर देतो. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी.

आणि अशा घरात तुम्ही तुमचा तो कोवळा डॉक्टर घेऊन आलात! सुमननं पोहे दिले, बसली, आणि विचारलं — लक्षात आहे ना? — “तुम्ही डॉक्टर का झालात?” साधा प्रश्न. पण उत्तर कुणी दिलं? तुम्ही. “आम्ही केला त्याला.” वा! काय बाणेदार उत्तर. पाचवीत होता तेव्हाच त्याला पांढरा कोट शिवून घेतला होता, हेही तुम्हीच सांगितलंत, कोट लांब झाला म्हणून मुलगा मोठा व्हायची वाट बघितली म्हणालात, आणि हसलात. तो नाही हसला. मग तुम्ही ज्योतीरामबरोबर गेलात वर्कशॉप बघायला, नव्या गाड्या बघायला. तिथंच चुकलं तुमचं. मुलाला एकटं सोडलंत, आणि समोर मी गुडघा धरून बसलेले.

मी आपलं सहज म्हटलं, डॉक्टर, आठ वर्षं झाली, जो तो म्हणतो वय झालं, म्हणजे काय झालं नेमकं? तर तो उठला हो. गळ्याचं बटण काढलं. दोन वाट्या मागितल्या, मध्ये फडक्याची घडी ठेवली, आणि वाटीवर वाटी फिरवून दाखवायला लागला — आत्याबाई, हे हाड, हे हाड, ही मधली गादी, ती झिजलीय, म्हणून हा आवाज, आणि तुम्ही भीत भीत चालता म्हणून वरचा हा स्नायू सुकलाय, त्याला काम द्या. जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. घामाघूम झाला सांगताना. आणि मला कळलं, सोपानराव! मला! बाराखडीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. सुमन दारात उभी होती, ती म्हणाली, “तुम्ही आल्यापासून हा पहिलाच आवाज तुमचा वाटला.” बस. एवढंच बोलली ती. याला बिघडवणं म्हणायचं असेल तर म्हणा. तो खाली बसला, आणि त्या वाट्या परत एकदा एकमेकींवर फिरवल्या.

त्याला जमतं ते हे. समजावून सांगणं. होस्टेलात धाकट्या मुलांना रात्र रात्र शिकवायचा म्हणे, ते पास व्हायचे, हा स्वतःच्या परीक्षेला झोपाळलेला जायचा. असा मुलगा दवाखान्यात बसवायचा म्हणजे — काय सांगू — येईल त्या तापकऱ्याला तासभर ताप कसा येतो ते सांगत बसेल, बाहेर रांग मरायची. आणि खाण्यापिण्याची ही तऱ्हा, मेथी वाढली की अजून नाक मुरडतो, लहान पोरासारखी कडेला सारतो —

— काय? अजून म्हणजे? अजून म्हणजे... या वयातही, असं म्हणायचं होतं मला. त्या दिवशी बघितलं ना. पोह्यांत? हो, नव्हती मेथी पोह्यांत. पोह्यांत कोण घालतं मेथी. अहो, एखाद्याच्या तोंडावरनं कळतं, हा मेथी न खाणारा माणूस आहे. तुम्ही चहा घ्या बघू, निवला.

नका असं बघू माझ्याकडं. वकील आहात का तुम्ही? गुळाचे व्यापारी तुम्ही, तुम्हाला ढेपेला टोचून आतलं कळतं, हे खरं, पण मी काय ढेप आहे? — मी एवढंच म्हणते, तुम्ही एकदा त्याच्या बाजूनं बघा. सगळी मुलं आळसानं काम टाळत नसतात. वॉर्डात याचा हात चांगला होता, मोठे डॉक्टर नावाजायचे, तरी बाळंतपणाच्या खाटेशी उभं राहिलं की याला दरदरून घाम फुटायचा. का? कधी विचारलंत? तुम्ही त्याला लहानपणापासनं एकच गोष्ट सांगितलीत — तुझी आई तुझ्या वेळेला गेली, गावात डॉक्टर नव्हता म्हणून गेली, तू डॉक्टर हो. झोपताना तीच, उठताना तीच. तो झाला हो डॉक्टर. पण आता प्रत्येक खाटेवर त्याला आई दिसते. अडलेली कुठलीही बाई असू दे, तोंड आईचं. मग हात कसा चालेल? “आत्या, मी जन्मलो आणि ती गेली, आता रोज ती माझ्यासमोर जाणार, आणि मी फीत कापलेल्या दवाखान्यात बसून बघणार” — परवा जेवता जेवता उठला आणि असं म्हणाला, हातातला घास तसाच —

...

हो. परवा.

इथंच. तुम्ही बसलायत त्याच्या समोर, त्या भिंतीशी.

ओरडा. ओरडून घ्या, शेजारी कामावर गेलेत. लपवला मी. खोटं बोलले तुमच्याशी, घटकाभर गंमतही करत होते तुमची. तो पळून आला तेव्हा भर पावसात दारात उभा होता, ट्रंक डोक्यावर. मी काय म्हणायला हवं होतं, जा, मामाला विचारून भिज? मशिदीच्या मागं एक खोली बघून दिली ज्योतीरामनं. मेडिकल कॉलेजात शिकवायला लागलाय, डेमॉन्स्ट्रेटर म्हणतात, मुलांना हाडं ओळखायला शिकवतो. पगार जेमतेम. पण संध्याकाळी येतो तेव्हा गळ्याचं बटण उघडं असतं. आणि तुमचं नाव निघालं की ताट सरकवतो, उठतो. रोज म्हणतो उद्या फलटणला जातो, मामांच्या पाया पडतो. रोज सकाळी निघतो, आणि शिवाजीनगरलाच उतरून कॉलेजात जातो. तुमच्या रागाला नाही भीत तो. तुम्ही रडाल, याला भितो.

आणि हो, ते दोघं लग्न करणार आहेत. नोकरी सोडणार नाही, हे तिनं सांगितलं, सोडू नकोस, हे त्यानं. पिंपरीला खोली बघतायत. मला म्हणतात आत्या तू चल. मी म्हटलं, मला बुरशीच्या शेजारी झोपायचं नाही. अहो, काय करायचं जाऊन? ज्योतीरामला कोण वाढेल? आणि या घरात मग... नाही, काही नाही. धूर झालाय चुलीचा. तुम्ही मामा, मी आत्या. आपण दोघांनी दुसऱ्याचीच पोरं वाढवली. आई-बापांना निदान माझं म्हणता येतं. आपल्याला म्हणायला काय आहे? म्हणून आपण घट्ट धरतो. तुम्ही दवाखाना बांधून धरलंत, मी टोमणे मारून.

बांधलात बहिणीसाठी. कळतं मला. चेष्टा केली मी पाटीची, पण कळतं. कोण भाऊ एवढं बांधतो हो बहिणीसाठी, लोक चार दिवस पिंडाला कावळा शिवतो की नाही ते बघतात. तो रिकामा नका ठेवू. सयाजीनंच सोय बघितलीय, सांगायची हिंमत नाही त्याची, मी सांगते. त्याच्या वर्गात एक मुलगी होती, कनीज म्हणून, आता डॉक्टर आहे. बाळंतपणात हात असा की मोठे डॉक्टर तिला बोलावून घेतात. तिला शहरात बसायचं नाही, खेड्यात काम करायचंय, अशी जागा हवी जिथं बायका येतील. तिनंही म्हणे स्वतःकडं बघून ठरवलंय — साथच आहे या पोरांत. ती फलटणला यायला तयार आहे. बाईमाणूस अडली की बाईमाणूस समोर. तुमच्या बहिणीला तेच तर हवं होतं.

काय? ...हो, मुसलमान आहे. मग?

नाही, लोक काय म्हणतील ते राहू द्या, लोक फलटणला आहेत, इथं तुम्ही आणि मी. एक सांगा. त्या रात्री बहीण तिकडं कळा देत होती, तुम्ही दारात उभे होतात, रस्त्याकडं डोळे लावून. ही मुलगी पिशवी घेऊन आली असती त्या रस्त्यानं — नाव विचारलं असतंत तिला?

...

पुसा डोळे. उपरण्यानं नका, धुरळा आहे त्याला, हे घ्या. मी बघत नाही, मी चूल बघते.

उठा आता. जा. मशिदीला वळसा घालून मागं जा, निळं दार आहे, आज त्याला सुट्टी आहे, असेल घरात, हाडं मांडून बसला असेल. का केलंस असं, हे विचारू नका. जेवलास का, तेवढंच विचारा. नाही, मी नाही येत बरोबर. मी कशाला? माझ्या गुडघ्याला काम पुष्कळ आहे. आणि परत येताना दोघं या, पिठलं टाकते. — अहो तिकडं नाही, उजवीकडं! उजवीकडं वळा म्हणते ना! जा.